पायरीवरची शाल

चीनहून आलेली पुडी अयोध्याने ओट्यावर उघडली आणि तिला हसू आवरेना. लेक एवढी परमुलखात जाऊन डॉक्टर होऊन आली, आईच्या दुखण्यावर तिकडचं झाडपाल्याचं औषध घेऊन आली, आणि पुडीत निघालं काय? गहू, वाळलेली लाल बोरं आणि ज्येष्ठमधाचे तुकडे.

“आरते, ह्यो माल तर आपल्या शिरूरच्या बाजारात मिळतो की गं. विमानात घालून कामून आणलास?”

“गहू नीट बघ, आई,” आरती म्हणाली. “पाण्यात टाकले की जे वर तरंगतात ना, तेवढेच निवडून घेतात. त्यानं घाम थांबतो म्हणतात.”

“तरंगतात ते पोचट. आपण कोंबड्याला टाकतो ते.”

“तिकडं बायकांना देतात.”

यावर मायलेकी इतक्या हसल्या, की बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या सुदर्शनरावांनी चष्मा काढून आत डोकावून पाहिलं. बायकोचं असं हसू त्यांनी बऱ्याच महिन्यांत ऐकलं नव्हतं.

पुडी दिली होती आरतीच्या तिकडच्या घरमालकिणीने. फोनवर आईशी बोलून झालं की आरती जिन्यात बसून रडायची, ते त्या म्हातारीने पाहिलं होतं. अर्धी मोडकीतोडकी भाषा, अर्ध्या खाणाखुणा. पण आईला झोप येत नाही, हे कळायला असे किती शब्द लागतात? निघताना तिने लाल दोऱ्याने बांधलेल्या पुड्यांची पिशवी आरतीच्या हातात ठेवली. आरतीचा स्वतःचा त्यावर फारसा भरवसा नव्हता.

“त्या आजीचा मान म्हणून आणलं मी,” ती म्हणाली. “तुझं औषध ते जेलच. ते तू गुपचूप बंद केलंस, पप्पांनी सांगितलंय मला.”

अयोध्याची चोरी पकडली गेली होती.

आता हे जेल काय आणि ते बंद का केलं, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

अयोध्या पन्नाशीला टेकलेली. नांदेडला विष्णुपुरीच्या वस्तीत तिचं घर. गच्चीवर गेलं की धरणाचं पाणी दिसतं. पाळी आधी लांबत गेली, मग थांबली, आणि ‘चला, सुटले एकदाची’ असं ती म्हणते न म्हणते तोच अंगात भट्टी पेटली. पोटातून निघायची, छातीवरून मानेवर चढायची, कानाच्या पाळ्या लालबुंद, ब्लाउज ओलाचिंब. भाजी चिरताना यायची, देवळात यायची, नणंदेच्या लेकीच्या साखरपुड्यात भर मांडवात आली. रात्रीची झोप उडाली ती उडालीच. शेजारणींना विचारलं तर म्हणाल्या, वय झालं की असंच. बाईच्या कुठल्याही दुखण्यावर ‘वय झालं’ हे एक औषध आपल्याकडे फुकट मिळतं. वयात आली म्हणून गप्प बस, वय गेलं म्हणून गप्प बस. मधल्या वर्षांत तर बोलायला फुरसतच नसते.

सुदर्शनराव माणूस भला. बायकोसाठी भर थंडीत पंखा सोडायचे आणि स्वतः रजईत गुरफटून पडायचे, पण एका शब्दाने बोलायचे नाहीत. शेवटी तेच तिला शहरातल्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी सोनोग्राफी केली, छातीची तपासणी केली, बीपी पाहिला आणि म्हणाल्या, “शरीरात जे हार्मोन बनायचं कमी झालंय, तेच थोडं बाहेरून देऊ. रोज दंडाला जेल लावायचं आणि झोपताना एक कॅप्सूल. पिशवी काढलेली नाही ना तुमची? मग दोन्ही लागतील.” यानं कॅन्सर होतो म्हणतात, असं अयोध्याने भीत भीत विचारलं. बाई चिडल्या नाहीत. थोडा धोका असतो, कुणाला किती ते बघूनच देतो, दर वर्षी तपासत राहू, असं त्यांनी तिला नीट समजावलं.

आणि जेलने काम केलं, हे मान्य करायलाच हवं. काही आठवड्यांत भट्टी विझली. पाण्यात दगड टाकावा तशी अयोध्या झोपायला लागली, सरळ तळाला. सकाळी उठली की अंग हलकं, डोकं निवळलेलं. चिडचिड गेली. सुदर्शनरावांचा पंखा बंद झाला.

फक्त तिची आई यायची बंद झाली.

अयोध्याची आई केवळाबाई. शिरूर अनंतपाळजवळच्या गावी, घरच्या रानातल्या पायऱ्यांच्या विहिरीत ती गेली, तेव्हा अयोध्या चौदा वर्षांची होती, सगळ्या भावंडांत शेंडेफळ. त्याआधीचं वर्षभर आई बदललेली. रात्री झोपलेल्या पोरांच्या रांगेतून उठून अंगणात फेऱ्या मारायची. चुलीपुढून भाकरी तव्यावर टाकून एकदम बाहेर निघून जायची. विचारलं तर काही सांगायची नाही. दुपारी विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. छोटी अयोध्या काठावर उभी राहून “आई, चल ना घरी,” म्हणून हाका मारायची आणि तिला आईची नुसती पाठ दिसायची. गाव म्हणालं, केवळीचं मन उडालं. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. लिंबू उतरवून टाकलं, धागा बांधला.

मग ती सकाळ. आदल्या दिवशी येळवस, रानात जेवायचा सण, झाली होती आणि तिथल्या कडब्याच्या कोपीत राहिलेली भांडी आणायला म्हणून केवळाबाई दिवस उगवायच्या आधी रानात गेली. थंडी अशी, की तोंडातून वाफा निघत होत्या. विहिरीवर आधी पोचले ते शेजारच्या वावरातले संगप्पा काका. त्यांना वरच्या पायरीवर केवळाबाईची शाल दिसली, चार पदरी नीट घडी करून ठेवलेली. खाली पाणी होतं. ती शाल पाहून काकांच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं आणि गावाने ते उचललं: एवढ्या थंडीत अंगावरली शाल काढून ठेवायची, ती बी घडी करून, म्हणजे परत यायचंच नव्हतं तिला.

तिथपासून अयोध्याच्या मनात एकच प्रश्न बसला. लग्न झालं, आरती झाली, नांदेडला घर झालं, प्रश्न हलला नाही. आईने मला टाकलं का? मला शेंडेफळ म्हणायची, स्वतःच्या ताटातला घास द्यायची, आणि मी झोपेत असताना शाल घडी करून निघून गेली? मग माझ्यात एवढं काय कमी होतं, की मला बघून तिचा पाय अडला नाही? हे विचारायचं तर जिला विचारायचं तीच नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता.

पन्नाशीत रात्रीची झोप गेली आणि पहाटे, दुपारी जी एक पातळशी ग्लानी यायची, त्या ग्लानीत आई यायला लागली. तीच विहीर, तेच हिरवं पाणी. पायरीवर पाठमोरी बसलेली आई. सगळं इतकं शांत, की बोरीचं पान पाण्यावर पडलं तरी ऐकू यावं. अयोध्या काठावर उभी असायची, हाक मारायची, आवाज फुटायचा नाही. पण आई आहे, बसली आहे, हेच तिला पुष्कळ होतं. जागी व्हायची तेव्हा घामाने निथळत असायची आणि तरी माहेरपण करून आल्यासारखं वाटायचं. भीतीही वाटायची. आईला झालं तेच आपल्याला होतंय, आपलंही मन उडायला लागलंय, असं वाटायचं. तेही तिने कुणाला सांगितलं नाही.

जेलच्या गाढ झोपेत हे सगळं बुडालं, म्हणून तिने जेल सोडलं. कुणी म्हणेल, काय बाई आहे, हातातली झोप सोडते आणि स्वप्नाच्या मागे लागते. म्हणू द्या. इतक्या वर्षांनी ज्याची आई परत यायला लागली असेल, त्यानेच यावर बोलावं.

पण गंमत अशी, की जेल सोडल्यावर भट्टी पुन्हा पेटली आणि आई मात्र आली नाही. रुसली असावी. अयोध्या दुपारी डोळे मिटून पडून राहायची, वाट पाहायची, आणि घामाशिवाय काही हाती लागायचं नाही. अशा दिवसांत आरती ती पिशवी घेऊन आली होती.

हसून झालं, दुसरा दिवस उजाडला, आणि दुपारी घरात कुणी नसताना अयोध्याने एक पुडी उकळली. शिजत्या गव्हाचा, फुगलेल्या बोरांचा आणि त्या गोड मुळीचा वास घरभर झाला. तो वास नवा होता आणि ओळखीचाही होता. कप संपवून ती खिडकीजवळ आडवी झाली. बाहेर धरणाच्या पाण्यावर ऊन हलत होतं, त्याचे कवडसे छतावर डुलत होते. ते बघता बघता छत पाणी झालं, आणि आई आली.

या खेपेला आई हलली. तिचा खांदा जरासा वळला, एवढंच. पण इतक्या महिन्यांत ती कधी हलली नव्हती. पुढच्या पुडीला मानेवरचा अंबाडा दिसला, त्यातून सुटलेली बट दिसली. त्याच्या पुढच्या वेळी कान, कानातली कुडी, आणि गालाची कड. प्रत्येक पुडीला आई थोडी थोडी वळत होती. एकदा पूर्ण वळली, तिचं तोंड दिसलं, की विचारायचं. अयोध्याने मनात शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते: आई, मला टाकून कामून गेलीस?

म्हातारीच्या औषधाने घाम थांबला का? अजिबात नाही. घाम होता तिथेच होता, वर बीपी चढला. आरतीने पट्टा बांधून मोजला, पुन्हा मोजला, आणि उरलेल्या पुड्या उचलून कपाटावर टाकल्या.

“ज्येष्ठमधानं बीपी वाढतो, आई. रोज घ्यायची गोष्ट नाही ती. तुला यात एवढं काय मिळून राहिलंय?”

“झोप लागती गं त्यानं.”

“जेलनं लागत नव्हती?”

“ती झोप माझी नव्हती,” अयोध्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आरतीला यातलं काही समजलं नाही, पण आईचा चेहरा बघून ती नरमली. एक पुडी तिने काढून दिली. ही शेवटची, मग जेल सुरू, असं वचन घेतलं. अयोध्यानेही दिलं. तिला एकच पुरणार होती. तोंड वळायला आता थोडंच राहिलं होतं, आणि ती पुडी कुठे प्यायची हेही तिने ठरवून टाकलं होतं. येळवस जवळ आली होती.

लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही आणि बाहेरच्याला कितीही सांगितली तरी तिची चव कळत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. ज्वारी छातीला लागलेली, हरभरा घाट्यांवर आलेला. कडब्याची कोपी उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील यांवर आडवा हात मारायचा. अयोध्या दर वर्षी माहेरच्या रानात यायची, मात्र कोपीत विहिरीकडे पाठ करून बसायची. इतक्या वर्षांत ती विहिरीवर गेली नव्हती. घरच्यांना ते ठाऊक होतं, म्हणून तिची जागा तशीच ठेवत.

यंदा सुदर्शनराव, आरती आणि ती असे तिघं सकाळीच पोचले. भाऊ दयानंद कोपीला शेवटचा कडबा बांधत होता. वहिनी कावेरीबाईंनी बाकी सगळं घरून करून आणलं होतं, गव्हाची खीर मात्र तीन दगडांच्या चुलीवर रानातच शिजत होती. अयोध्याने लाल दोऱ्याची पुडी चुलीशेजारी ठेवली. जेवणं झाली की इथेच उकळायची, प्यायची, कोपीत पडायचं. आईच्या रानात, आईच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. आज ती नक्की वळेल, याबद्दल अयोध्याला शंका नव्हती.

आंबिलाची फेरी घालून सगळे परत आले आणि पुरुष मंडळी जेवायला बसली. त्यांना वाढून झाल्यावर अयोध्या चुलीपाशी गेली. चुलीशेजारी लाल दोरा पडला होता, पुडी नव्हती.

“वहिनी, हितं माझी एक पुडी होती.”

“ती व्हय? टाकली की खिरीत,” कावेरीबाई पळी हलवत म्हणाल्या. “गहू बी होते, बोरं बी, गोड काड्या बी. म्या म्हनलं, आरतीनं चीनचा मेवा आणलाय खिरीसाठी. वास लई झकास सुटलाय बगा, अयोध्याबाई.”

 आरतीला आधी हसू फुटलं, मग तिने आईकडे पाहिलं आणि हसू जिरलं. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“अवं, काय झालं? काय व्हतं त्यात?” कावेरीबाई घाबरल्या.

आरतीने त्यांना बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं. पाळी गेलेल्या बायकांचं औषध म्हटल्यावर कावेरीबाईंनी कोपीकडे पाहिलं. दयानंदची दुसरी वाटी चालू होती. सुदर्शनराव बोटं चाटत होते. पलीकडच्या वावरातून पाहुणचाराला आलेले संगप्पा काका बोळक्या तोंडाने खिरीची तारीफ करत होते.

“आगं माय! आता ह्या बाप्यांला काय व्हईल गं?”

“काही नाही मामी,” आरती म्हणाली. “झोपतील.”

आणि खरंच सगळे झोपले. येळवशीला पोटभर जेवून, आंबील पिऊन रानात कोण झोपत नाही, हा प्रश्न आहेच. पण त्या दिवशीची झोप काही औरच होती. दयानंद कडब्याच्या पेंढीवर, सुदर्शनराव गाडीच्या सावलीत, संगप्पा काका बसल्या जागी काठीवर हनुवटी टेकून. कावेरीबाई उष्टी भांडी पुढ्यात घेऊन तिथेच कलंडल्या. आरतीसुद्धा मोबाइल छातीवर ठेवून घोरत होती. ज्वारीची ताटं वाऱ्याने एकमेकांना लागून हलकी सळसळत होती, ऊन पातळ मधासारखं कोपीवर उतरलं होतं, आणि सगळं रान स्वप्न बघत असल्यासारखं पडून होतं. जिचं औषध होतं ती एकटी, वाटीभर खीर खाऊनही, टक्क जागी.

अयोध्याने खूप प्रयत्न केला. डोळे मिटले, ते पाणी आठवलं, अंबाडा आठवला, कुडी आठवली. काही आलं नाही. आता कधीच येणार नाही, गालाच्या कडेपाशी येऊन आई थांबली ती थांबलीच, असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी पोटातून ती भट्टी पेटत वर यायला लागली. छाती, मान, कान. कोपीत श्वास घुसमटला. ती उठली, बाहेर पडली, आणि पाय नेतील तिकडे चालत सुटली.

पाय विहिरीवर गेले.

काठावर आल्यावर तिला कळलं आपण कुठे आलो ते. पण आग अशी उठली होती, की भ्यायलाही सवड नव्हती. खाली पाणी दिसत होतं, हिरवं आणि थंड. तिने स्वेटर काढला. हातांना सवय होती. बाह्या आत घेऊन नीट घडी केली आणि वरच्या पायरीवर ठेवली. चपला काढल्या. भिंतीला हात धरून एकेक पायरी उतरली आणि पाण्यालगतच्या पायरीवर बसून दोन्ही पाय आत सोडले.

त्या गारव्याला काय म्हणावं! घोट्यांतून तो वर चढला, पोटऱ्यांतून, गुडघ्यांतून, आणि छातीतली आग हळूहळू खाली बसत गेली. तिने ओंजळ भरून मानेवर पाणी घेतलं. हुश्श केलं. पाण्यावर बोरीचं एक पान पडलं, तिला ते ऐकू आलं. वरच्या गोल आभाळातून उजेड येत होता. ही विहीर वाईट नव्हती. ती कितीतरी वेळ तशी बसून राहिली. कुणी काठावर येऊन पाहिलं असतं, तर त्याला तिची नुसती पाठ दिसली असती.

उठताना शेवाळावर पाय सटकला. मोटारीचा लोखंडी पाइप हाताशी होता, तो तिने गच्च धरला आणि तोल सावरला. मग जपून वर आली, चपला घातल्या. स्वेटर तसाच राहिला. थंडी वाजतच नव्हती, तर आठवणार कसा? विहिरीच्या मागच्या अंगाला जुन्या थारोळ्यापाशी, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं तिथे, बोरीचं झाड पिकल्या बोरांनी लगडलं होतं. आईच्या वेळची बोर. अयोध्या खाली वाकून पदरात बोरं वेचायला लागली.

तेवढ्यात किंकाळी आली.

“आई! आई गं! आई!”

क्षणभर अयोध्याला वाटलं, हा आपलाच आवाज आहे. चौदा वर्षांच्या पोरीचा, त्या सकाळी याच काठावरून निघालेला. बोरं वेचणारे हात जागीच थांबले. मग तिला भान आलं. आवाज आरतीचा होता. ती पदर सावरत झाडामागून धावत आली. आरती वरच्या पायरीवर गुडघे टेकून बसली होती, दोन्ही हातांत तो घडी केलेला स्वेटर धरून पाण्यात बघत ओरडत होती.

“आगं, हितं हाय की मी! काय झालं ओरडायला?”

आरतीने वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. “तुझा स्वेटर,” ती कशीबशी म्हणाली. “पायरीवर. घडी करून. मला वाटलं, आजीसारखं तू पण…”

“वेडी हाईस का तू? मी तुला टाकून कशाला जाईन? उकडलं म्हणून काढला गं मी त्यो.”

बोलता बोलता अयोध्याच्या कानांवर तिचंच वाक्य पडलं.

पदरातली बोरं सुटून पायऱ्यांवरून टपटप खाली गेली, पाण्यात पडली आणि तरंगत राहिली. ती लेकीशेजारी काठावर बसली. उकडलं म्हणून काढला. एवढंच. एवढ्या थंडीत आईने शाल काढली, कारण तिला उकडत होतं. घडी केली, कारण वर आल्यावर पुन्हा पांघरायची होती. वर यायचं होतं तिला. भांडी घेऊन घरी यायचं होतं. शेवाळ तेव्हाही होतं, मोटारीचा पाइप तेवढा नव्हता. वर्षभर ती विहिरीकडे जात होती ती गारव्याला, आणि हे सांगावं कुणाला, सांगावं कसं, यासाठी तिच्याकडे शब्दच नव्हता. आई कुणाला टाकून गेली नव्हती.

अयोध्या रडली. आरतीच्या खांद्यावर डोकं ठेवून, तोंडाला पदर न लावता, लहान पोर रडतं तशी मोठ्याने रडली. अडखळत तिने लेकीला सगळं सांगितलं, स्वप्नसुद्धा. आरती डॉक्टर होती, पण त्या वेळी ती नुसती आईला धरून बसली, आणि तेच बरं झालं.

आरडाओरड्याने कोपी जागी झाली होती. सगळे धावत आले. मागून काठी टेकत संगप्पा काका आले. अयोध्या डोळे पुसून उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काका, माझी आई जीव द्यायला गेली नव्हती. तिला उकडत होतं. बायकांना या वयात उकडतं. थंडीत बी.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पायरीकडे पाहिलं. त्यांची मान हलायला लागली. “लई थंडी व्हती माय त्या दिवशी,” ते पुटपुटले. “माजे तर दातावर दात वाजून ऱ्हायले व्हते.”

“तुमचे वाजत होते, काका.”

 म्हाताऱ्याने डोक्यावरचा फेटा काढला, विहिरीकडे तोंड केलं आणि वाकून वरच्या पायरीला हात लावला. “केवळा, चुकलं बाई माजं,” तो म्हणाला.  कावेरीबाईंनी अयोध्याचा हात धरून ठेवला होता.

ऊन कलल्यावर ते नांदेडला निघाले. सुदर्शनरावांना आधी दोन कप कडक चहा पाजला, मगच गाडीची चावी दिली. मायलेकी मागे बसल्या. खिडकीतून गार वारा आत येत होता आणि ज्वारीची रानं मागे सरकत होती.

“आरते, ते जेल हाय का अजून घरात?”

“आहे. पण आधी डॉक्टरबाईंना विचारू, तुझा बीपी दाखवू. मग लाव.”

“हाव. विचार.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुझ्या त्या आजीला फोन लाव एकदा. म्हणावं, तुमच्या औषधानं घाम काय थांबला न्हाई, पण माझ्या आईपर्यंत नेऊन सोडलं.”

“एवढं मला तिच्या भाषेत येणार नाही.”

“मग नुसतं म्हण, आई झोपली.”

आरतीने मांडीवरचा स्वेटर उघडला आणि आईच्या खांद्यावर घातला. अयोध्याने वरचं बटण लावू दिलं नाही. “नको बांधू, उकडलं तर काढाया येत न्हाई.”

“काढ की. पण आता सांगून काढत जा, आई.”

अयोध्याने मान हलवली आणि लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं. वाटेतलं लोहा गाव यायच्या आत तिला गाढ झोप लागली. स्वप्न पडलं नाही, आणि जाग आल्यावर तिने ते शोधलंही नाही.